मंजूबाईच्या नावाचं मशीन

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. दवनीवाडा

तीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलमध्ये ऑपरेटर होतो. रोज लॉगबुक भरायचं. मोटर किती तास चालली, काय बिघडलं, कधी सुरू झालं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी हात शिवशिवतात. मिल नाही तर घरात जे बिघडून राहिलं ते लिहितो.

रुख्माच्या हातातून आज पुन्हा पळी पडली. वरण अर्धं चुलीत, अर्धं पायावर. मी म्हटलं, "लक्ष कोठी असते तुझं?" तर म्हणाली, "लक्ष हातातच होतं. हातच नव्हता."

महिना झाला, ब्लाउजचे हूक तिला लागत नाहीत. सून भूमिका लावून देते. चालताना डावा पाय घासत जाते. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरल्यासारखं होते म्हणते. बाई अठ्ठावन्नची आहे, म्हातारी नाही.

हाडाच्या डॉक्टरनं हातोडी घेऊन गुडघे ठोकले, बोटं ओढून पाहिली. म्हणाला, मानेत नस दबून राहिली आहे. कुठं नि किती, ते एमआरआयशिवाय कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. उशीर केला तर आधी हात जातील, मग पाय. गेलेले परत येतील याची गॅरंटी नाही. एवढं सगळं त्यानं मोबाईलकडे पाहत सांगितलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

एमआरआयवाल्यांनी घेतलं नाही.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, शरीरात पेसमेकर आहे का. भूमिकानं 'हो' वर टिक केली. काउंटरवरची मुलगी फॉर्म परत सरकवत म्हणाली, "पेसमेकरवाले पेशंट हम नहीं लेते, अंकल." रुख्माच्या छातीत २०१९ पासून मशीन आहे. तिचे स्वतःचे ठोके मिनिटाला तीसच पडायचे, बाकीचे ते मशीन देते.

मी वाद घातला नाही. चुंबक काय करते ते मला शिकवायची गरज नाही. धानात खिळे येतात, नटबोल्ट येतात, ते भरडायच्या रोलात जाऊ नयेत म्हणून मिलमध्ये तोंडाशीच चुंबक बसवलेलं असते. एमआरआयचं त्याच्या हजारपट म्हणतात. छातीत डबी नि त्या डबीच्या तारा थेट हृदयात रुतलेल्या. मी पण घेतलं नसतं.

हाडाच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, आजकाल एमआरआय चालणारे पेसमेकर येतात. हृदयाच्या डॉक्टरला दाखवा आणि ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं कार्ड घेऊन जा. त्यावर मशीनचं नि तारांचं मॉडेल लिहिलेलं असते.

कार्ड घरी आहे. मीच ठेवलेलं आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

वही माझी आहे, दुसरं कोणी वाचत नाही. म्हणून लिहून टाकतो.

कार्डावर रुख्माचं नाव नाही. मंजू छोटेलाल टेंभरे असं आहे.

मंजूबाई आमच्या गल्लीतल्या छोटेलालची बायको, रुख्माची गंगाजल. आमच्याकडे दोन बायकांचा जीव जडला की एकमेकींना गंगेचं पाणी पाजून गंगाजल बदतात. मग सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं नातं होते, आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, गंगाजल म्हणूनच हाक मारायची. यांची बदून चौतीस वर्षं झाली.

२०१९ मध्ये रुख्मा विहिरीजवळ चक्कर येऊन पडली. नागपूरला मशीन बसवायला सांगितलं. ओमेश, माझा मुलगा, तिरोड्याला कंपनीत लागला तेव्हापासून आमचं राशन कार्ड पांढरं. सरकारी योजनेत बसत नव्हतो. मंजूबाईचं पिवळं. मी नुसता विषय काढला तर ती म्हणाली, "माझ्यात नि गंगाजलमध्ये वेगळं काय आहे जी? चाला." काउंटरवर अंगठा तिनं लावला, बेडवर रुख्मा झोपली. नर्स नाव विचारायची तर रुख्मा तोंडच उघडायची नाही, कारण गंगाजलचं नाव घेता येत नाही. मी सांगायचो, मंजू.

डोकं माझं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता.

२७ ऑक्टोबर, रविवार

नऊ दिवस काहीच केलं नाही. धान कापणीला आला, मजूर मिळत नव्हते, हे कारण. खरं कारण वर लिहिलं आहे.

सीटी स्कॅन करून आणला. डॉक्टर म्हणाला, हाडं दिसली, नस नाही दिसली.

मंजूबाई रोज येते, भूमिकाला भाकरीला मदत करते. पण पहिल्यासारखी चपळ नाही राहिली. अंगणातून ओट्यावर चढली की खांबाला धरून उभी राहते. आज पाण्याची घागर अर्ध्यात ठेवून खाली बसली. मी म्हटलं, "काय मंजूबाई, छोटेलालच्या हातचं खाऊन वजन वाढलं वाटते." हसली. पाय सुजले होते. रोज एवढं उभं राहिल्यावर सुजतीलच.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. आज गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. रुख्मा म्हणाली, दंडारीचं नाटक पाहायला येतो. मी नको म्हटलं, तरी आली. चौकात जिलेबीच्या दुकानासमोर पाय अडकून पडली. सपाट रस्ता, दगड नाही, काही नाही. लोकांनी उठवलं. तिच्या हातातली पिशवी मी उचलली तर म्हणाली, "माझ्या हातात आहे ना पिशवी." हातात काही नव्हतं. तिला समजलंच नाही.

मी घाबरलो. साफ लिहितो, घाबरलो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गोंदियाला हृदयाचे डॉक्टर हेमेंद्र यांच्याकडे गेलो. चाळिशीचा माणूस, शांत. त्यांच्या दवाखान्यात एमआरआय पण आहे. कार्ड मागितलं. मी सांगितलं, हरवलं, घर गळलं त्यात भिजून गेलं. रुख्मा माझ्याकडे पाहत होती, मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

डॉक्टर म्हणाले, हरकत नाही. कंपनीचा माणूस नागपूरहून बोलावू. तो छातीवर एक रिमोटसारखं ठेवतो नि मशीनच आपली माहिती सांगते. एक्स-रे काढू, तुटलेली किंवा जुनी सोडून दिलेली तार आत नाही ना ते पाहू. सगळं जुळलं तर एमआरआय करू. मशीनला त्या वेळेपुरतं वेगळ्या मोडवर टाकायचं, झाल्यावर परत आणायचं. मी स्वतः उभा राहीन.

येताना बसमध्ये माझं मन हलकं झालं. रुख्माला म्हटलं, "पाह्य, कार्डाशिवाय काम होऊन राहिलं." ती म्हणाली, "तुमी खोटं बोलले की मले सर्दी होते." तिची ही जुनी खोड आहे, सरळ बोलणार नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचा माणूस घनश्याम सकाळी दहाला आला. बॅगेतून लॅपटॉपसारखं काढलं, रुख्माच्या छातीवर तो रिमोट ठेवला. बॅटरी पाच वर्षं बाकी, तारा ठीक. डॉक्टर मान हलवत होते. मला मिलची आठवण झाली. मशीन नीट चाललं की माझंही तोंड असंच होत असेल.

मग घनश्याम थांबला. म्हणाला, "सर, पेशंटचं नाव मंजू टेंभरे दाखवून राहिलं."

नाव मशीनमध्येच लिहिलेलं होतं. बसवताना टाकतात म्हणे. पाच वर्षं माझ्या बायकोच्या छातीत मंजूबाईचं नाव होतं नि मला पत्ता नाही.

डॉक्टरांनी रुख्माला विचारलं, "मंजू कोण?" रुख्मा म्हणाली, "माझी गंगाजल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "त्या आहेत? की वारल्या? कधीकधी मेलेल्या माणसाचं मशीन काढून दुसऱ्याला बसवतात."

सुटायचा रस्ता दिसला. मी म्हटलं, "हाव साहेब, वारली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग एमआरआय होणार नाही. मंजूच्या रेकॉर्डवर ज्या तारा लिहिल्या आहेत, त्या मंजूच्या शरीरात होत्या. यांच्या शरीरात कोणत्या घातल्या ते कोणालाच माहीत नाही. नुसती डबी चालून उपयोग नाही, डबी नि तारा दोन्ही एमआरआयच्या पाहिजेत. चुकीची तार आत तापली तर हृदय भाजते. आणि यांचं हृदय या तारांवरच चालते.

रिक्षात बसल्यावर रुख्मा म्हणाली, "माझ्या गंगाजलले मारलं तुमी."

१३ नोव्हेंबर, बुधवार

घरात वाद. मी म्हटलं, आता खरं सांगून टाकू. पहिल्या दिवसापासून या डबीच्या या तारा, दुसरं कोणाचं काही नाही, एवढंच डॉक्टरला पाहिजे.

ओमेश म्हणाला, "बाबा, हा फसवणुकीचा गुन्हा आहे. लेखी मागतील."

रुख्मा म्हणाली, "हात गेले तं गेले. तिले ठाण्यात नाही नेऊ देणार."

"तुझे पाय पण जातील."

"तं तुमी उचलजा. बसूनच तं राहता."

मी ताट सरकवलं नि उठलो. चौतीस वर्षं या दोघींनी मला घरातला पाहुणा करून ठेवलं आहे. माझी बायको, तिची मान, आणि ठरवणार कोण तर ती आणि तिची गंगाजल. राग आला म्हणून लिहिलं. खोडत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रुख्माला न सांगता मंजूबाईकडे गेलो. दुपारची खाटेवर पडून होती. ती दुपारची कधी पडत नाही. छोटेलाल बाजूला बसून तिचे पाय दाबत होता. मला पाहून तो उठला. कमी बोलणारा माणूस आहे.

सगळं सांगितलं. मी तिला मारून आलो तेही सांगितलं.

मंजूबाई हसायला लागली. हसता हसता दम लागला, थांबली, पुन्हा हसली. "अगा बाप्पा, तेरवीले काय केलं भाऊजी? बुंदी तं केली असंन."

मी म्हटलं, लेखी द्यावं लागेल. पोलीस, योजनावाले, काहीही होऊ शकते.

"मंग मले जित्ती दाखवा लागंन ना डॉक्टरले. कधी जायचं?"

छोटेलाल म्हणाला, "मंजू, विचार कर." एवढंच. ती म्हणाली, "करून झाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. काय म्हणायचं होतं समजलं नाही. बायकोला ठाण्यात जावं लागेल ही भीती असेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर हेमेंद्र यांच्यासमोर मंजूबाई बसली. "मी मेली नाही जी," हे तिचं पहिलं वाक्य. डॉक्टर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. म्हणाले, मी पोलीस नाही, मला माझा पेशंट टेबलावरून जिवंत उतरवायचा आहे. तिच्या छातीचा एक्स-रे काढला, आत काही नाही. रुख्माच्या एक्स-रेत दोनच तारा, जुनी तार नाही. नागपूरच्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मागवली. तीच डबी, त्याच दोन तारा, तोच दिवस. सगळं एमआरआय चालणारं. मी, रुख्मा, मंजूबाई, तिघांनी लेखी दिलं. रुख्माला पेन धरता आलं नाही, तिनं अंगठा लावला.

तारीख २२ मिळाली, मधे मतदान आहे.

मंजूबाईचा एक्स-रे डॉक्टरांनी दिव्यावर परत एकदा लावून पाहिला. तिला म्हणाले, हृदय थोडं मोठं दिसते, एकदा दाखवून घ्या. ती म्हणाली, मोठंच आहे माझं, सगळ्या गावाले माहीत आहे. सगळे हसलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नऊला पोहोचलो, मंजूबाई नि छोटेलालही सोबत होते. घनश्यामनं मशीन वेगळ्या मोडवर टाकलं. बाहेरचं काही ऐकायचं नाही, आपलं आपलं मिनिटाला ऐंशी ठोके देत राहायचं. रुख्माच्या बोटाला ठोके मोजायचा चिमटा, छातीला पट्ट्या. शॉक द्यायचं यंत्र दारात आणून ठेवलं. डॉक्टर आतल्या काचेजवळ उभे राहिले. रुख्माला सांगितलं, छातीत गरम लागलं, धडधडलं, तर हातातला फुगा दाबा. ती म्हणाली, "हाताले समजंन का दाबलं म्हणून?" मग फुगा डाव्या हातात दिला, तो जरा बरा आहे.

जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मंजूबाईकडे पाहिलं.

दार लागलं. आतून मिलमधल्या जुन्या हलरसारखी ठकठक सुरू झाली. मी बाकावर बसून घड्याळ पाहत होतो. दहा मिनिटं. बावीस. तीस. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी म्हटलं नाही की तू नसली तर मी काय करू. आज बाकावर बसून तेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. चाळीस मिनिटांनी आवाज बंद झाला. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "हो गया. सगळं ठीक. ठोका एकदाही हलला नाही." घनश्याम मशीन जुन्या मोडवर आणायला आत गेला. मी रडलो. लोकांसमोर.

हे सांगायला मंजूबाईकडे वळलो तर ती बाकावर नव्हती. जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ काळपट, छोटेलाल तिच्याच पदरानं वारा घालत होता. डॉक्टरांनी आतला चिमटा आणून तिच्या बोटाला लावला. पस्तीस. त्यांनी चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. चौतीस.

"हे किती दिवसांपासून?"

छोटेलाल म्हणाला, "दोन वर्षं. बाथरूममध्ये तीनदा पडली."

"मग दाखवलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाखवलं होतं जी, तालुक्याच्या शिबिरात. मशीन लागंल म्हणाले. कार्ड टाकलं तं कॉम्प्युटरवर आलं, यांचं २०१९ मध्येच बसलं आहे. मी म्हटलं, चूक असंन तुमची. तिनं माझा हात धरला नि घरी आणलं."

मी मंजूबाईला विचारलं, "सांगितलं काऊन नाही मले?"

म्हणाली, "तुमाले सांगितलं तं गंगाजलले समजलं असतं. मंग ते म्हणाली असती, माझं काढून तिले द्या. मले माहीत आहे ना ते."

२४ नोव्हेंबर, रविवार

रुख्माचा रिपोर्ट आला. मानेत दोन जागी नस दाबलेली. नागपूरच्या मणक्याच्या डॉक्टरनं येत्या गुरुवारी ऑपरेशन ठेवलं आहे. म्हणाला, अजून महिना गेला असता तर मी हात लावला नसता. पाय वाचतील, हातही बरेचसे येतील.

मंजूबाई गोंदियालाच आयसीयूत आहे. गळ्यातून तात्पुरती तार टाकली आहे, ठोके साठ. ही तार फार दिवस ठेवता येत नाही. कायमचं मशीन बसवायचं तर योजनेचं कार्ड, आणि कार्डाच्या खिडकीवर काल तेच उत्तर मिळालं: "इनके नाम पे तो लग चुका है." छोटेलाल तिथं उभा होता. माझं नाव घेऊ शकला असता, नाही घेतलं.

रुख्माला काल सांगावंच लागलं. ती उठून डॉक्टर हेमेंद्र यांच्या खोलीत गेली, भिंत धरून, पाय ओढत. म्हणाली, "माझ्यातलं काढून तिले द्या. तिचंच आहे ते." डॉक्टर म्हणाले, तुमचा स्वतःचा ठोका तीस आहे, काढलं तर तुम्ही या खोलीतून जाणार नाही. ती म्हणाली, "माहीत आहे मले." त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं नि पाणी दिलं. मी दारात उभा होतो. मला कोणी बस म्हटलं नाही.

ओमेश म्हणतो, बाबा, वकिलाला विचारू, घाई करू नका, केस होईल, सगळा खर्च वसूल करतील. भूमिकानं कोरे कागद आणून टेबलावर ठेवले.

अर्ज लिहिला. तीनदा फाडला, कारण प्रत्येक वेळी 'आमच्याकडून' असं लिहून जायचं. चौथ्यांदा असं लिहिलं:

'मी भैय्यालाल पटले, वय ६४, राहणार दवनीवाडा. सन २०१९ मध्ये माझ्या पत्नीचे ऑपरेशन मी श्रीमती मंजू छोटेलाल टेंभरे यांच्या कार्डावर करवून घेतले. कल्पना माझी होती. श्रीमती टेंभरे यांच्या छातीत कोणतेही मशीन बसवलेले नाही. ते त्यांना तातडीने बसवावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती नंतर करावी.'

रुख्माला वाचून दाखवला. तिनं 'तातडीने' शब्द दोनदा लिहायला लावला.

योजनेचं ऑफिस उद्या, सोमवारी दहाला उघडते. मी आठच्या बसनं जाणार आहे.